उंपस आणि डवइ

तुळशीची लग्नं झाली की आमचा सीझन सुरू होतो. गेल्या नोव्हेंबरात एका वास्तुशांतीच्या पत्रिका नेलेले काका दुसऱ्याच दिवशी परत आले. चेहऱ्यावर राग नव्हता, कोडं होतं. पत्रिका काउंटरवर उलगडून त्यांनी निमंत्रकांच्या नावांखाली बोट ठेवलं आणि विचारलं, “ताई, हे डवइण् कोण? आमच्या भावकीत तर असं कुणी नाही.”

मी पाहिलं. खरंच होतं. ‘डवइण्’, आणि पुढे काकांचा दहा आकडी नंबर. मी प्रूफ वाचलं होतं, काकांनी वाचलं होतं, त्यांच्या सुनेनं वाचलं होतं. सगळ्यांनी नंबर तपासला, त्याच्या आधी काय लिहिलंय ते कुणीच नाही. दीडशे पत्रिका माझ्या खर्चानं पुन्हा छापून दिल्या. डवइण् कोण, हे मात्र काकांना नीट सांगता आलं नाही. इथे सांगते, पण त्यासाठी सप्टेंबरपर्यंत मागे जायला लागेल.

वाईत माझं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं तयार करायचं दुकान आहे, १९९९ पासून. पत्रिका, हँडबिलं, बिलबुकं, पतसंस्थांचे अहवाल, माघात कृष्णाबाईच्या उत्सवाची पत्रकं, आणि अधूनमधून एखाद्या निवृत्त गुरुजींचा कवितासंग्रह. शेजारी झेरॉक्स आणि लॅमिनेशन, कारण नुसत्या अक्षरांवर घर चालत नाही. मशीन २०१५ सालचं. चौथ्या पिढीचा आय-थ्री, आठ जीबी रॅम. मध्यंतरी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली म्हणून अजून पळतंय. त्यावर विंडोज टेन. ते कुठून आलं हे विचारू नका. पानं मांडायचा पेजमेकर कुठून आला हे तर अजिबातच विचारू नका. त्या काळात कॉम्प्युटर जोडून देणारा माणूस सीडींचा एक डबा घेऊन यायचा आणि डब्यातलं सगळं ‘टाकून’ जायचा. लाज आता वाटते. तेव्हा विचारसुद्धा मनात आला नव्हता.

तर विंडोज टेनची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला, म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या बरोबर आठवडाभर आधी संपणार होती. एक वर्षाची मुदतवाढ मिळत होती, पण माझ्या विंडोजची जन्मपत्रिकाच खोटी. मुदतवाढ कुठल्या तोंडानं मागणार? विंडोज इलेव्हनला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. माझा चौथ्या पिढीचा. साताऱ्यात नव्या मशीनचा भाव विचारला. अठ्ठेचाळीस हजार. तेवढ्यासाठी किती पत्रिका छापायला लागतात याचा हिशेब मी रिक्षात बसूनच केला आणि घरी आले.

माझा भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणाला, “आत्या, मशीन चांगलं आहे. वरचं बदल. लिनक्स टाकू.” लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी, फुकट मिळणारी सिस्टीम.

तो आला पितृपक्षात. मुद्दामच तेव्हा बोलावला, कारण त्या पंधरवड्यात आमच्या धंद्यात शुकशुकाट असतो. शेजारच्या किराणावाल्या वहिनी दारातून म्हणाल्या, “पितृपक्षात नवीन काही सुरू करू नये हो.” भाचा म्हणाला, “काकू, मशीन जुनंच आहे.” वहिनींचं समाधान झालं नाही, पण त्या गेल्या.

त्यानं लिनक्स मिंट निवडलं, २२.२. का तर विंडोजवरून येणाऱ्याला ते फार परकं वाटत नाही. मिंटवाले प्रत्येक आवृत्तीला बाईचं नाव देतात आणि या आवृत्तीचं नाव होतं झारा. मी म्हटलं, “मग काय, बुंदी पाडायची का?” त्याला विनोद कळला नाही. मेसमध्ये जेवणाऱ्या पोराला झारा कुठून माहीत असणार.

पेनड्राइव्हवर ते भरलं, मशीन पेनड्राइव्हवरून सुरू केलं, आणि एसएसडीला हातही न लावता अख्खी सिस्टीम समोर उघडली. आवडलं तर ठेवा, नाहीतर पेनड्राइव्ह काढा आणि विसरून जा. वायफाय लागलं, आवाज आला, स्क्रीन नीट दिसली. मग विंडोज काढून न टाकता त्याच्या शेजारी जागा करून मिंट बसवलं. चहा होऊन दुसरा चहा ठेवायच्या आत काम झालं होतं. चालू करताना आता मशीन विचारतं, कुठे जायचंय.

पहिला आठवडा? सांगण्यासारखं फार नाही. खाली डावीकडे मेनू, खाली उजवीकडे घड्याळ. सातबारा, बोर्डाचे निकाल, परीक्षांचे फॉर्म, हे सगळं ब्राउझरमध्येच असतं, त्यामुळे फायरफॉक्स उघडलं की गिऱ्हाइकाला फरक कळत नाही. एकाच शाळकरी मुलानं विचारलं, “काकू, तुमचं विंडोज असं हिरवं का?”

घड्याळानं मात्र फसवलं. एकदा लिनक्समधून विंडोजमध्ये गेले, एका हॉटेलवाल्याचं बिल काढून दिलं. सकाळचे अकरा वाजले होते आणि बिलावर पहाटेचे साडेपाच. तो म्हणाला, “मॅडम, दुकान कधी उघडता तुम्ही?” भानगड अशी की मशीनच्या आतल्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ लिहून ठेवतं, आणि विंडोज तीच वेळ इथली समजून वाचतं. आपण ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे, म्हणून विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे. भाच्यानं फोनवरून एक ओळ टाइप करायला सांगितली आणि ते जुळलं. ती ओळ मी दुकानातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.

प्रिंटरनं रडवलं. माझा छोटा काळा-पांढरा लेझर, गल्लोगल्ली दिसतो त्यातला. बारा वर्षं निमूट चाललेला. लिनक्समधून त्यानं अर्धं पान काढलं आणि गप्प बसला. भाच्यानं दोन रात्री घालवल्या. तेव्हा मला कळलं की हे स्वस्त प्रिंटर स्वतः काहीच करत नाहीत. पानावर कुठे ठिपका द्यायचा, कुठे नाही, हा सगळा स्वयंपाक कॉम्प्युटरमधला ड्रायव्हर करतो आणि प्रिंटर नुसता वाढपी असतो. आचारी विंडोजकडचा. लिनक्सकडे त्या कंपनीनं वर्षानुवर्षं कुणी आचारी पाठवलेलाच नाही. महागडे ऑफिसचे प्रिंटर पानाची भाषा स्वतः वाचतात, त्यांना कोण सांगतंय याच्याशी देणंघेणं नसतं. शेवटी जुना प्रिंटर एका झेरॉक्सवाल्याला विकला आणि त्यात थोडी भर घालून असाच एक ऑफिसातून निघालेला प्रिंटर आणला. कपाटाएवढा आहे. पण ट्रेसिंग पेपरवर काळाभोर छापतो आणि त्यावरून छपाईची प्लेट बनवणारा खूश आहे.

इथपर्यंतचं सगळं कुणाच्याही बाबतीत घडलं असतं. माझी गोष्ट पुढे आहे.

मी मराठी टायपिंग शिकले १९९४ मध्ये, लोखंडी मशीनवर. तीसची परीक्षा दिली. पुढे कॉम्प्युटर आला तेव्हा क्लासवाल्या सरांनी सांगितलं, कृतिदेव घे, बोटं तीच राहतील. राहिली. पंचवीस वर्षं राहिली. कृतिदेव हा फॉन्ट म्हणजे खरं तर मुखवटा आहे. मशीनच्या लेखी तुम्ही इंग्रजीच टाइप करत असता, फक्त प्रत्येक इंग्रजी अक्षराला मराठी चेहरा चढवलेला असतो. मी ‘मराठी’ लिहिते तेव्हा फाइलमध्ये पडतं ई, जे, के, मोठा बी, एच. ई वर म चा चेहरा, जे वर र चा, के वर काना, मोठ्या बी वर ठ, एच वर दीर्घ वेलांटी. फॉन्ट काढला की मुखवटा उतरतो आणि खाली ही पाच इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, ७.०, आली २००१ मध्ये. तिला युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत, कळायचंच नाही. म्हणून आम्ही डीटीपीवाले सगळे मुखवट्यातच राहिलो.

भाच्यानं विचारलं होतं, “आत्या, कृतिदेव इकडेही टाकून देऊ? चालेल तसंच.” मी म्हटलं, दे. फॉन्टची फाइल तीच, लिनक्सही ती घेतं. पेजमेकरच्या जुन्या फाइली लिब्रेऑफिस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडल्या, मांडणी थोडी हलली पण मजकूर आला. मी खूश. घर बदललं, भांडी तीच.

काही दिवस असे काढले. मग आकडे अडले.

कृतिदेवमध्ये साधा १ दाबला तर इंग्रजी एक येतो. मराठी १ हवा तर ऑल्ट दाबून धरायचा आणि उजवीकडच्या आकड्यांवर ०१३१ मारायचं. २ साठी ०१३२. ३ साठी ०१३३. माझ्या उजव्या हाताला हे हनुमान चालिसेसारखं पाठ. शके १९४७ लिहायचं म्हणजे चार वेळा ऑल्ट आणि सोळा आकडे, आणि मी ते बोलता बोलता करायचे. लिनक्समध्ये ऑल्टची ही युक्ती नाही. दसऱ्याच्या दिवशी मशीनला झेंडू घातला, हळदकुंकू वाहिलं, पहिलीच पत्रिका घेतली आणि तिथी-तारखेच्या ओळीवर बसून राहिले. शेवटी जुन्या पत्रिकेतून एकेक आकडा उचलून आणून चिकटवला. भाजी आणायला गेल्यावर एकेक मिरची निवडावी तसा.

आणि त्याच आठवड्यात गुरुजींचं मॅटर आलं. एका आळीच्या उत्सवाचा इतिहास, चौदा पानं, व्हॉट्सॲपवर. गुरुजी सत्त्याहत्तर वर्षांचे, मोबाइलवर बोलून टाइप करतात आणि मग चुका दुरुस्त करतात. “मॅटर टाइप करूनच दिलंय, म्हणजे तुम्हाला काम नाही,” असं म्हणून गेले. मला काम नाही! ते आलेलं मॅटर युनिकोडात, माझं दुकान कृतिदेवात. मी दर वेळी काय करायचे माहीत आहे? मोबाइल पुस्तकासारखा टेकवून ठेवायचा आणि समोर टाइप होऊन आलेला मजकूर बघून पुन्हा टाइप करायचा. अक्षरन् अक्षर. पाच-सात वर्षं हेच करत होते, आणि टायपिंगचे पैसेही घेत होते. भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो काही बोलला नाही. नुसता बघत राहिला. ते बघणं मला लागलं.

नंतर त्यानंच गंमत म्हणून सांगितलं: लिनक्सची पहिली घोषणा फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्सनं केली २५ ऑगस्ट १९९१ ला. युनिकोडची पहिली आवृत्ती आली १९९१ मध्ये, देवनागरीसकट. आणि इनस्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा कीबोर्ड ज्या भारतीय मानकात आहे, तेही १९९१ चंच. मी दहावी झाले ते वर्ष. म्हणजे मी तीन वर्षांनी लोखंडी मशीनवर बोटं आपटत होते, तेव्हा या तिन्ही गोष्टी जन्मलेल्या होत्या. मला कुणी सांगितलं नाही. वाईत कोण सांगणार होतं?

पन्नाशीत बोटं बदलणं सोपं नाही. रेमिंग्टनसारखी, म्हणजे लोखंडी मशीनची मांडणी युनिकोडातही मिळते, भाच्यानं ती लावूनही दाखवली. पण मी म्हटलं, आता एकदाच काय ते होऊ दे, आणि इनस्क्रिप्ट घेतलं. पहिल्या दिवशी ‘किती’ हा शब्द लिहायला मला किती वेळ लागला ते सांगत नाही. जुन्या पद्धतीत मी दाबायचे एफ, डी, आर, एच: आधी ऱ्हस्व वेलांटी, मग क, मग त, मग दीर्घ वेलांटी. कागदावर डावीकडून जे आधी दिसतं ते आधी. लोखंडी मशीनचा गाडा एकाच दिशेनं सरकायचा, वेलांटी क च्या डावीकडे, म्हणून ती आधी मारावी लागायची. इनस्क्रिप्टमध्ये के, एफ, एल, आर. आधी क, मग त्याची वेलांटी. आपण बोलतो तसं. हात इतकी वर्षं डोळ्यांचं ऐकत होता, त्याला आता कानाचं ऐकायला लावायचं होतं.

मजा म्हणजे तीन बटणं दोन्हीकडे जागच्या जागी आहेत. एस वर मात्रा, एफ वर ऱ्हस्व वेलांटी, जे वर र. बाकी सगळं गाव उठून दुसरीकडे वसलेलं. आणि तीच तीन बटणं सगळ्यात जास्त घात करायची, कारण ओळखीचं दार दिसलं की बोटं आपोआप जुन्या घरात शिरायची. एफ जागेवर, पण त्याची वेळ बदललेली. डिसेंबरपर्यंत माझ्या मजकुरात आधारच नसलेल्या वेलांट्या एका पोकळ गोलावर लटकत असायच्या. जुना वेग अजून आलेला नाही. पण वरच्या ओळीत १ दाबला की १ येतो. हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नुसतीच एक ते दहा आकडे टाइप करत बसले होते.

दुसरी एक गोष्ट पाहिली ती लिब्रेऑफिसमध्ये. गुरुजींचं मॅटर नोटो फॉन्टमध्ये टाकलं तर ल आणि श हिंदी वळणाचे. गुरुजींना हे चालणार नाही हे मला माहीत. शासनाच्या २००९ च्या निर्णयातसुद्धा मराठीचा ल पाकळीचा आणि श देठाचा सांगितलाय. मी दुसरा फॉन्ट शोधायला निघाले तर भाचा फोनवर म्हणाला, “फॉन्ट बदलू नकोस, भाषा बदल.” सेटिंगमध्ये मजकुराची भाषा हिंदी होती. ती मराठी केली. आणि माझ्या डोळ्यांदेखत चौदा पानांतले सगळे ल आणि श वळले. अक्षर तेच, फॉन्ट तोच. फाइलला आपण कोण हे सांगितल्याबरोबर तिनं मराठी वळण घेतलं. मी ते परत हिंदी केलं, परत मराठी केलं. चार वेळा केलं. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं.

आता डवइण्.

नवा मजकूर युनिकोडात सुरू झाला, पण जुन्या फाइलींचं काय? तीच पत्रिका नाव-तारीख बदलून वापरायची ही आमच्या धंद्याची रीत. कृतिदेवचं युनिकोड करणारे कन्व्हर्टर मिळतात, फुकट. या खिडकीत जुना मजकूर टाका, त्या खिडकीतून नवा घ्या. ते काम बऱ्यापैकी करतात, वेलांटी उचलून अक्षराच्या मागे नेतात, रफार पुढे आणतात. पण त्यांना फॉन्ट दिसत नाही, नुसती अक्षरं दिसतात. माझ्या जुन्या पत्रिकेत मोबाइल नंबराआधी इंग्रजीत एम-ओ-बी आणि टिंब असायचं, इंग्रजी फॉन्टमध्ये. कन्व्हर्टरला वाटलं हेही कृतिदेवच. मोठा एम म्हणजे ड, ओ म्हणजे व, बी म्हणजे इ, आणि टिंब म्हणजे अर्धा ण. झाले डवइण्.

तशीच उंपस. एका पतसंस्थेच्या लेटरहेडवर सापडली. छोटा एम म्हणजे उ, ए म्हणजे अनुस्वार, आय म्हणजे प, एल म्हणजे स. मेल! ही मात्र छापायच्या आधी पकडली. आता घरात हे दोन शब्द रुळलेत. भाचा फोन ठेवताना म्हणतो, “आत्या, उंपस बघ.” सोपं आहे, पण वर्षभरापूर्वी हा शब्द ऐकला असता तर मला वाटलं असतं एखाद्या उपवासाचं नाव असेल.

कन्व्हर्टर आणखी एका ठिकाणी गोंधळ घालायचा, ते ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यातल्या आडव्या अर्ध्या र शी. कुठे त्याचा सरळ रफार करून टाकायचा. हिंदीवाल्याला फरक पडत नाही, आपल्याला पडतो. एका कार्यक्रमपत्रिकेत ‘आचाऱ्यांचा सत्कार’ होता, म्हणजे तीस वर्षं भंडाऱ्याचा स्वयंपाक करणाऱ्यांचा. कन्व्हर्टरमधून निघाला ‘आचार्यांचा सत्कार’. मी दुरुस्त केलं खरं, पण क्षणभर वाटलं, राहू द्यावं. तीस वर्षं पंगती सांभाळल्यावर एवढी बढती बरी. इनस्क्रिप्टमध्ये तो र वेगळाच मिळतो, शिफ्ट धरून जे. त्यापुढे डी वरचा हलन्त आणि मग य. आता बोटाला बसलाय.

गमावलं काय तेही लिहिते. कृतिदेवच्या जमान्यात माझ्याकडे पत्रिकांसाठी नक्षीदार फॉन्टची रास होती. वेलबुट्टीचे, मोडी वळणाचे, गणपतीची सोंड काढल्यासारखे. युनिकोडात चांगले मोफत फॉन्ट आहेत, मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे मुक्ता, बालू वगैरे. त्यांचाच ‘मोदक’ नावाचा इतका गुबगुबीत आहे की गणेशोत्सवाच्या पावतीपुस्तकाशिवाय कुठे बसत नाही. पण लग्नपत्रिकेच्या मथळ्याला हवं तसं लाडिक अक्षर अजून कमीच. चित्रं काढायच्या कोरलड्रॉच्या फाइली इंकस्केप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडतात, सावल्या मात्र उडतात. कलशाच्या सावल्या मी परत काढल्या. पुस्तकांची पानं मांडायला स्क्रायबस नावाचं सॉफ्टवेअर घेतलंय, त्याच्या १.४ आवृत्तीत जोडाक्षरं फुटायची म्हणे, १.६ मध्ये नीट बसतात. गुरुजींची चौदा पानं त्यातच केली. पण पेजमेकरमध्ये जे डोळे मिटून करायचे ते इथे शोधत बसायला लागतं, आणि शोधताना गिऱ्हाईक समोर उभं असलं की घाम फुटतो.

आणि मिळालं काय? शोधणं. मराठी विश्वकोशाचं कार्यालय आमच्या वाईतच आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली पहिला खंड १९७६ मध्ये निघाला, आणि आता ते खंड इंटरनेटवर शब्द टाकून शोधता येतात. त्याच गावात बसून मला माझी स्वतःची पत्रिका शोधता येत नव्हती. माझ्या फाइलींची नावं बघा: ‘लग्न २ फायनल’, ‘लग्न २ फायनल नवीन’, ‘काका पत्रिका करेक्शन ३’. आत नाव मराठीत आहे असं मला वाटायचं. मशीनला ती नुसती इंग्रजी खिचडी. मार्चमध्ये गुरुजी आले, म्हणाले, वर्गणीदारांच्या यादीत एका घराण्याचं नाव दरवर्षी असायचं, कोणत्या साली बंद झालं? मी आडनाव मराठीत टाइप केलं आणि शोध दाबलं. युनिकोड केलेल्या उत्सवांच्या फाइलींतून अकरा निघाल्या. २०१७ नंतर नाही. गुरुजी खुर्ची ओढून बसले आणि मग एकेक आडनाव सांगत राहिले. दोन तास. झेरॉक्सला आलेली माणसं परत गेली.

सगळ्या फाइली अजून बदललेल्या नाहीत. पावणेतीन हजार आहेत. रोज दुपारी गिऱ्हाईक नसताना पाच-दहा करते, आणि प्रत्येकीत आधी उंपस आणि डवइ शोधते. विंडोज अजून त्याच मशीनवर आहे, साठ जीबीच्या कोपऱ्यात, इंटरनेट काढून ठेवलेलं. पेजमेकर तिथेच. भाचा दर वेळी विचारतो, पुसू का? मी म्हणते, थांब. २००३ च्या एका कवितासंग्रहाची फाइल लिब्रेऑफिसमध्ये नीट उघडत नाहीये, ओळी एकमेकींवर चढतात. कवी पुण्याला मुलाकडे असतात, मे महिन्यात येतो म्हणालेत. दुसरी आवृत्ती काढायची आहे त्यांना.